शिंकणाऱ्या कपाटाबाबत आत्याला

ती. आत्या,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. (गाद्यांच्या ढिगावर बसून लिहिते आहे, त्यामुळे जितकं वाकता येतं तितकंच वाकले आहे. उरलेलं भेटल्यावर.) इकडे सगळे खुशाल. बाबांची कंबर नेहमीसारखी दुखते. गावभर गाद्या शिवून देणारा हा माणूस स्वतः जमिनीवर चटई टाकून झोपतो, आणि गिऱ्हाइकाने हे पाहू नये म्हणून चटई सकाळी कापसाच्या पोत्यामागे लपवतो. आईचा खोकला कमी आहे. तो पूर्ण जात नाही, कारण दुकानात कापूस उडतो, आणि दुकान सोडून आई कुठे जात नाही, कारण ती गेली की बाबा गिऱ्हाइकाला गादीबरोबर उशी फुकट देतात. तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाब? गच्चीवरची गळती? आणखी एकाची खुशाली खरं तर मी तुला विचारायची, पण ती तूच मला विचारायची वेळ आली आहे. उंची भरपूर, बोलणं बेताचं, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, अशी तुझ्या घरातली एक मौल्यवान वस्तू सध्या आमच्या दुकानाच्या काचेत, दाखवण्यासाठी मांडलेल्या गादीवर, दोन्ही हात छातीवर ठेवून पडलेली असते.

काका इथे आहेत हे तुला शेजारणीकडून कळलंच आहे. पण का आहेत हे तुला कळलेलं नाही, असं तू तिच्याकरवी पाठवलेल्या निरोपावरून दिसतं. ‘हवे तितके दिवस राहा, गोळ्या वेळेवर घ्या’, हा तो निरोप. आत्या, तो निरोप मिळाल्यावर काका अर्धा तास भिंतीकडे तोंड करून बसले होते. रुसून गेलेल्या माणसाला हवे तितके दिवस राहा असं कुणी सांगतं का? घरातून निघताना ते तुला म्हणाले होते, ‘चाललो मी. सांभाळ तुझं कपाट.’ आणि तू गच्चीवर कपडे वाळत घालता घालता म्हणालीस, ‘बरं, येताना लिंबं आणा.’ त्यांचं म्हणणं असं की, घर सोडून जाणाऱ्याला लिंबं सांगणं हा अपमानाचा कळस झाला. (लिंबं त्यांनी आणली आहेत. इथल्या बाजारातून. पिशवीत आहेत.) फोन करून हे सगळं दोन मिनिटांत सांगता आलं असतं, पण तुम्हा दोघांत मोबाइल एकच, आणि तो काकांच्या खिशात. शेजारणीला सांगावं तर ती गल्लीला सांगेल. म्हणून आपलं हे पत्र.

आता मूळ काय ते सांगते. शेवटपर्यंत वाच, मध्येच चष्मा काढून ‘या पोरीला काही अक्कल’ असं म्हणू नकोस. ते तुला जागोजागी म्हणावंसं वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमच्या वर्गाला एक सर भाषा शिकवतात. दर वर्षी ते कादंबरीवर निबंध लिहून आणायला सांगतात आणि दर वर्षी त्यांच्या हातात एकच निबंध सगळ्यांच्या नावाने पडतो. या वर्षी ते वैतागले आणि म्हणाले, निबंध नको, पॉडकास्ट करा. (पॉडकास्ट म्हणजे रेडिओवर असते तशी चर्चा. फरक एवढाच की ती कुणीही कुठेही बसून करू शकतो, आणि ती ऐकलीच पाहिजे असं कुणावर बंधन नसतं.) एक कादंबरी घ्यायची. एकाने वाच्यार्थाची बाजू घ्यायची, म्हणजे लेखिकेने जे शब्द लिहिले तेच तिला म्हणायचं आहे, झाड म्हणजे झाड आणि पाऊस म्हणजे पाऊस. दुसऱ्याने लक्ष्यार्थाची बाजू घ्यायची, म्हणजे झाड हे काही झाड नव्हे, त्यामागे दुसरंच काहीतरी उभं आहे. तिसऱ्याने दोघांना बोलतं करायचं. आणि एक अट: रेकॉर्डिंग एका दमात करायचं, कापाकापी करायची नाही, कारण सरांच्या मते माणूस काय आहे ते त्याच्या चुकांतूनच कळतं. या अटीने आपल्या घराची काय दशा केली ते पुढे येईलच.

तुझी कादंबरी मी सुचवली. का, ते खरं सांगू? एक तर ती बारीक आहे. दुसरं, तिच्या प्रती आपल्याच घरात आहेत. प्रकाशकाने परत दिलेल्यातल्या निम्म्या तू बाबांकडे पाठवल्यास, त्या माळ्यावर आहेत. (एक शिलाई मशीनच्या पायाखाली होती. ती काढली. मशीन आता डुगडुगतं, बाबा माझ्याकडे रागाने बघतात.) आणि तिसरं म्हणजे, मला ती आवडते. हे तुला मी आजवर कधी सांगितलं नाही. आपल्या घरात बाहेरच्यांचं कौतुक तोंडभरून होतं आणि घरच्यांचं ते गेल्यावर होतं. तर मी आत्ताच करून ठेवते.

‘कोपऱ्यातलं कपाट’ मी शाळेत असताना पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती कपाटाची गोष्ट वाटली होती. नवी सून घरात येते, कोपऱ्यात एक उंच कपाट असतं. त्याचं दार अडकतं, गुडघ्याने ढकलावं लागतं. ते कुणाशी बोलत नाही, पण घरातला जो तो थकला की त्यालाच टेकून उभा राहतो. पहाटे ते शिंकतं. त्यावर सून कधी रागावते, कधी त्याच्याशी भांडते, ते नुसतं उभं राहतं. असं सगळं आयुष्य जातं. काकांनीही तुझ्या पुस्तकाचा हाच अर्थ धरला होता, आणि तोही पुस्तक न वाचता. जन्मभर बाजारातली वजनं-मापं तपासणाऱ्या माणसाने कादंबरीचं काय करावं? त्यांनी ती काट्याला लावून पाहिली, वजन सांगितलं, आणि कपाटात ठेवून दिली. पुढे घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते कौतुकाने आतल्या खोलीत न्यायचे आणि म्हणायचे, ‘हेच ते. कादंबरीतलं. मीच आणलं होतं बाजारातून.’ पाहुणे कपाटाला हात लावून बघायचे. तू दारात उभी राहून हसायचीस. तू का हसायचीस ते मला आत्ता कळतंय.

आमच्या गटात तिघं. लक्ष्यार्थाची बाजू जिच्याकडे आली ती माझी मैत्रीण, तिला आम्ही वकीलबाई म्हणतो. सुतावरून स्वर्ग गाठते, आणि सूत नसलं तर आधी कातते. बोलतं करणारा जो होता त्याला आम्ही निवेदक म्हणतो. त्याचा आवाज इतका भारदस्त आहे की, त्याने ‘पाणी दे’ म्हटलं तरी मागे वाद्यं वाजल्यासारखी वाटतात. मला चिठ्ठीत वाच्यार्थ आला. कपाट म्हणजे कपाट. मी म्हटलं, सोपं काम आहे, कपाट तर मी लहानपणापासून बघतेय, त्याच्या तळाच्या खणात लपून बसलेय. माझ्याएवढी तयार साक्षीदार जगात मिळायची नाही.

रेकॉर्डिंगला शांत जागा हवी होती. वकीलबाईच्या घरी कुत्रा, निवेदकाच्या घरी धाकटी जुळी भावंडं. मग मला सुचलं, आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीइतकं शांत ठिकाण नाही. चारही बाजूंनी गाद्या उभ्या करायच्या, मध्ये बसायचं. कापूस आवाज पिऊन टाकतो. बाबांनी परवानगी दिली, वर सांगितलं की, जमलं तर दुकानाचं नाव एकदा घ्या. (घेतलं नाही. मोठ्या चर्चेत गादीचं नाव कुठे घ्यायचं?) आम्ही उभ्या गाद्यांच्या खोलीत मांडी घालून बसलो, मध्ये मोबाइल ठेवला, निवेदकाने घसा साफ केला आणि गंगेत घोडं न्हायला निघालं.

सुरुवात छान झाली. मी म्हटलं, कपाट हे कपाटच आहे, कारण लेखिकेने त्याच्या कड्या, खण, आरसा, सगळ्याचं तपशिलात वर्णन केलंय. वकीलबाई म्हणाली, मग ते दमलेल्या सुनेकडे पाठ करून का उभं राहतं? मी म्हटलं, कपाटाची पाठ भिंतीकडे असते, तेव्हा तुझं वाचन कच्चं आहे. निवेदक म्हणाला, वा. तेवढ्यात पुढच्या बाजूला कुणी गिऱ्हाईक आलं असावं, बाबांनी त्याला गादीवर पडून बघा म्हणून सांगितलं असावं, आणि तो माणूस पडला तो झोपलाच. त्याचं घोरणं गाद्यांतूनसुद्धा आत येत होतं. थांबायची सोय नव्हती, एका दमाची अट. आम्ही आवाज चढवला. (हे घोरणं सरांना फार आवडलं, हे आत्ताच सांगते. पार्श्वभूमीला सतत ऐकू येणारा पुरुषाचा निर्विकार श्वास ही आमची कल्पना आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी वर्गात टाळ्या वाजवल्या. आम्ही तिघांनी माना खाली घातल्या, त्यालाही ते नम्रता समजले.)

मग वकीलबाईने हत्यार काढलं. तिने तुझं ते वाक्य वाचलं, ‘पहाटे कपाट शिंकायचं आणि मग घरात दिवस सुरू व्हायचा.’ आणि मला विचारलं, ‘तू म्हणतेस की हे कपाट खरोखर आहे, तू पाहिलं आहेस. तर मग सांग, ते शिंकतं का?’ मी म्हटलं, लाकूड तडकतं, त्याचा आवाज असेल. ती म्हणाली, ‘तू त्या घरी राहिली आहेस. पहाटे कपाट शिंकताना ऐकलंस का?’ आत्या, इकडे आड, तिकडे विहीर. खोटं बोलावं तर एका दमात बोलायची सवय नाही. मी म्हटलं, ‘नाही, शिंका काका देतात.’

गाद्यांच्या खोलीत क्षणभर फक्त घोरणं ऐकू आलं. मग वकीलबाई इतक्या गोड आवाजात बोलली की, मला तेव्हाच कळायला हवं होतं. ‘आणि दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय न उघडणारं कोण?’ मी म्हटलं, दार कपाटाचंच अडकतं, पण काकासुद्धा काही विचारलं की... आणि मी जीभ चावली. ‘काही विचारलं की काय?’ मी म्हटलं, ‘गप्प बसतात.’ पुढचं काय सांगू. ती विचारत गेली आणि मी सत्याला जागून उत्तरं देत गेले. गळ्यापर्यंत बंद कोण? काका. सगळे टेकतात ते कुणाला? काकांना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी कपाट कपाटच आहे हे सिद्ध करायला बसले होते आणि माझ्याच तोंडाने एकेक खण उघडून त्यातून काकांना बाहेर काढून दाखवलं. निवेदक शेवटी आपल्या भारदस्त आवाजात म्हणाला, ‘म्हणजे श्रोतेहो, हे शिंकणारं कपाट दुसरं तिसरं कुणी नसून...’ आणि तेवढ्यात माझ्यामागची जाड गादी, तिला माझीच कीव आली असावी, माझ्या डोक्यावर आली. तिच्यामागून दुसरी. सगळी खोली कोसळली. वकीलबाई गादीखालून ‘आणि हेच ते दडपण’ असं म्हणत होती, ते रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट आहे. शेवटच्या प्रकरणावर बोलायचं राहून गेलं. ते राहायला नको होतं.

कॉलेजने तो भाग आपल्या संकेतस्थळावर लावला. मी तुला कळवणार होते, पण आधी थोडं थंड होऊ दे असा विचार केला. कोण ऐकतंय, असंही वाटलं. तर ऐकलं काकांनी. तुमच्या बागेतल्या बाकावर त्यांची ती निवृत्त मंडळी बसतात ना, त्यांच्यासमोर मोठ्या आवाजात लावून. ‘आमच्या भाचीने आमच्या कपाटावर कार्यक्रम केलाय’, असं सांगून. बाकावरची माणसं सुरुवातीला डुलक्या घेत होती म्हणे, मग हळूहळू जागी झाली, मग सगळी काकांकडे बघायला लागली. काकांना वाटलं, अभिमानाने बघतायत. ‘शिंका काका देतात’ हे वाक्य आलं आणि नेमके त्याच क्षणी ते शिंकले. हे मला त्यांनीच सांगितलं, अगदी गंभीरपणे, साक्ष द्यावी तसं. त्या दिवसापासून बाकावर त्यांचं नाव कपाट पडलं आहे.

आले ते एक शर्ट, दात घासायचा ब्रश आणि तो स्प्रिंगचा वजनकाटा घेऊन. बाबांची ततपप झाली. एक तर घरचे जावई, त्यातून मोठ्या बहिणीचे यजमान, त्यांना ‘का आलात’ असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. बाबा म्हणाले, ‘दाजी, आपलंच दुकान आहे.’ काकांनी ते शब्दशः घेतलं. (घेणारच. जन्मात त्यांनी एकही गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने घेतलेली नाही. बाबा एकदा ‘या गिऱ्हाइकापुढे मी हात टेकले’ म्हणाले तर यांनी विचारलं, ‘कशावर?’) दुसऱ्या दिवसापासून दुकानातली प्रत्येक गादी काट्याला लागली. गिऱ्हाइकाने ‘भरपूर कापूस घाला हं’ म्हटलं की काका आतून ओरडणार, ‘भरपूर म्हणजे किती ते नीट सांगा.’ बाबा दाभण हातात धरून आढ्याकडे बघतात. आणि दुपारी काका काचेतल्या गादीवर झोपतात. येणारे-जाणारे थांबून बघतात. परवा एका बाईने बाबांना सांगितलं, ‘ते गृहस्थ झोपलेत ना, तश्शीच गादी द्या.’ बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, दाजी राहिले तर माझी ना नाही, पण तू यातून मार्ग काढ, कारण ताई मला फाडून खाईल.

मार्ग मी काय काढणार? काका माझ्याशी रागाने बोललेही नाहीत. रागावले असते तर बरं होतं. पहिल्या दिवशी फक्त एवढं विचारलं, ‘तुमच्या त्या मुलीला कसं कळलं?’ मी म्हटलं, काका, तिला काही कळलं नाही, ती सुतावरून स्वर्ग गाठते. ते म्हणाले, ‘पण आम्ही एकाच घरात राहतो, आणि मला एवढ्या वर्षांत कळलं नाही.’ आत्या, मला एकदम रडू आलं. त्यांना पुस्तकात आपली टिंगल झाली याचं दुःख नव्हतं. त्यांना वाटत होतं की, तू इतकी वर्षं त्यांच्याविषयी काहीतरी मनात धरून आहेस, ते छापलंस, दुकानात विकायला ठेवलंस, फक्त त्यांना सांगितलं नाहीस. आणि मी काय सांगणार? तुझ्या मनात काय होतं ते मला तरी कुठे ठाऊक आहे?

म्हणून मी माळ्यावर चढले आणि एक प्रत आणून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, दुसऱ्याचं ऐकू नका, स्वतः वाचा. त्यांनी ती काचेतल्या गादीवर बसून वाचायला घेतली, आणि ती कशी वाचली ते ऐक. जिथे जिथे कपाट आलं तिथे तिथे ते ‘मी’ म्हणत गेले. मोठ्याने. ‘मी कोपऱ्यात उभा असतो. मला काही विचारलं तर मी दार लावून घेतो.’ थांबायचे, आणि तपासणीचा शिक्का मारावा तसं म्हणायचे, ‘बरोबर.’ पुढचं वाक्य. ‘बरोबर.’ ‘माझ्या आरशात सगळे आपापलं तोंड बघतात, माझ्याकडे कुणी बघत नाही.’ यावर चष्मा काढून पुसला. मग, ‘बरोबर.’ एकदा मात्र जोरात म्हणाले, ‘हे चूक आहे. मी पहाटे शिंकत नाही, उजाडल्यावर शिंकतो.’ उशी घ्यायला आलेलं एक जोडपं दारातच उभं राहून ऐकत होतं. त्या बाईने आपल्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि दोघंही उशी न घेता गेली. बाबांनी तेही सोसलं.

काल ते शेवटच्या प्रकरणाला पोहोचले. मी कापूस भरता भरता कान तिकडेच लावून होते. घर सोडून नव्या घरी जायचं असतं, तिथला जिना अरुंद, हमाल म्हणतात की कपाट चढायचं नाही, सासर-माहेरचे सगळे म्हणतात की जुनं खोड आहे, इथेच टाकून जा. आणि तुझी ती सून सगळ्यांना बाजूला सारते आणि स्क्रूड्रायव्हर मागते. काका वाचत होते, ‘मला इथेच टाकून जा असं सगळे म्हणाले.’ मग त्यांनी सुनेच्या तोंडचं ते वाक्य वाचलं. आता मात्र त्यांनी त्यात काही बदललं नाही, जसंच्या तसं वाचलं: ‘दार काढलं तेव्हा पाहिलं, आत सगळं माझंच सामान होतं, एकेक घडी घालून ठेवलेलं.’

पुस्तक त्यांनी मिटलं. मग विचारलं, ‘हे तुमच्या कार्यक्रमात का नव्हतं?’ मी म्हटलं, गाद्या पडल्या. ते म्हणाले, ‘हं.’ थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून काटा काढला, त्याला तुझी कादंबरी लावली, आणि चष्मा वर करून बघत राहिले. मी विचारलं, किती? त्यांनी आकडा सांगितला. मी म्हटलं, मग पूर्वी सांगायचात तेवढंच आहे की. तर आत्या, ज्या माणसाने जन्मात काट्यावर अविश्वास दाखवला नाही तो तुझा नवरा मला म्हणाला, ‘काट्यात दोष असेल.’

तर हे असं आहे. जे झालं त्यात माझा काही दोष आहे असं मला वाटत नाही. दोष गाद्यांचा, चिठ्ठीचा आणि थोडासा सत्याचा. बाकी क्षेम. आईने तुला नमस्कार सांगितला आहे, बाबांनीही, पण दबक्या आवाजात. मोठ्यांना माझे नमस्कार, धाकट्यांना गोड पापे, आणि कपाटाला, म्हणजे लाकडी, माझी आठवण सांग.

तुझीच, (आणि नाइलाजाने तुझ्या कादंबरीचीही)
भाची

ता. क. मुख्य काम राहिलंच. सरांना दुसरा भाग हवा आहे, त्यात खुद्द लेखिका हवी आहे. लेखिका माझी आत्या आहे हे रेकॉर्डिंगमध्ये फुटलंच आहे, तेव्हा आता सुटका नाही. परीक्षेचे निम्मे गुण या भागावर आहेत. तर तू पुढच्या आठवड्यात यायचंस, गाद्यांच्या खोलीत बसायचंस आणि एकच वाक्य बोलायचं: ‘कपाट म्हणजे कपाट.’ माझी बाजू वाच्यार्थाची आहे हे विसरू नकोस. वकीलबाई कितीही गोड आवाजात काही विचारू दे, तू लक्ष देऊ नकोस. गाद्या या वेळी बाबा दोरीने बांधणार आहेत.

दुसरं ता. क. वरचं ता. क. रद्द. आत्ता काकांना मी सहज म्हटलं की, आत्या येऊन सांगेल की कपाट म्हणजे नुसतं कपाट, म्हणजे बाकावरची मंडळी गप्प बसतील. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा असा उतरला की काय सांगू. म्हणाले, ‘असं ती म्हणेल?’ आणि मग, ‘नुसतं कपाट असेल तर ते सामानाचं वाक्यही नुसतंच झालं ना.’ आत्या, तू लिहिताना तुझ्या मनात ते लाकडी धूड असो, काका असोत नाहीतर आणखी काही असो, मला ते जाणून घ्यायचं नाही. तू ये, आणि सगळ्यांसमोर सांग की कपाट म्हणजे काकाच. माझे गुण गेले तर जाऊ देत. ते पुढच्या वर्षी परत मिळतील, काका पुन्हा पुस्तक वाचायचे नाहीत.

तिसरं आणि खरोखर शेवटचं. हे पत्र पोस्टाने जाणार होतं, पण काका सकाळीच आंघोळ करून, पिशवी भरून तयार झाले. तेव्हा पत्र त्यांच्याच हाती पाठवते आहे. पाकिटात गादीच्या कापडाचे नमुने आहेत असं त्यांना सांगितलं आहे. म्हणजे तू हे वाचतेस तेव्हा ते तिथेच कुठेतरी तुझ्या डोळ्यांसमोर उभे असतील, काही न बोलता, वरचं बटण लावून. लिंबं वेळेवर काढून घे, पिशवीत दबली असतील. आणि त्यांनी जाता जाता बाबांकडून एक स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आहे. घरी गेल्यावर ते दार काढायचंय म्हणाले. मी विचारलं, कुठलं दार? तर पायरीवर थांबले, माझ्याकडे वळले आणि हसले, आत्या, अगदी दात दिसतील असे हसले, आणि म्हणाले, ‘ते तुझ्या वकीलबाईला विचार.’